लाल डगल्यातले आपले

चौथीची परीक्षा संपवून भाची सुट्टीला आली होती. चौथी म्हणजे शिवछत्रपतींचं पुस्तक नुकतंच संपलेलं, गडांची नावं जिभेवर, आणि अफजलखानाच्या भेटीतलं एक वाक्यही इकडचं तिकडे झालेलं न खपणारं वय. माझ्या टेबलावर, दिव्याखाली, शिपाई वाळत ठेवले होते. उंची जेमतेम इंचभर. औषधाच्या बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले, कारण रंगवताना बूच हातात धरता येतं आणि ओल्या रंगाला बोट लागत नाही. ती नाक टेबलाला टेकेल इतकी वाकली. "कोण आहेत हे?" म्हटलं, "मराठ्यांचं सैन्य. शिंद्यांचं." तिनं पुन्हा पाहिलं. लाल डगले, छातीवर एकमेकांना छेदणारे पांढरे पट्टे, खांद्यावर संगिनी लावलेल्या बंदुका, सगळ्यांचा डावा पाय पुढे. मग मोठ्या माणसाची चूक दाखवताना शहाणी मुलं जो आवाज लावतात, त्या आवाजात ती म्हणाली, "मामा, हे तर इंग्रज आहेत. आपले कुठेत?" आणि उत्तराची वाट न बघता, आंबा कापलाय का ते बघायला स्वयंपाकघरात गेली.

उत्तर माझ्याकडे होतं. पण ते लांबलचक होतं, आणि सांगत बसलो असतो तर आंबे संपले असते.

शिवाय ती अर्धी बरोबरच होती. ते शिपाई जन्मानं इंग्रजच. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढलेल्या ब्रिटिश पायदळाचा प्लास्टिकचा डबा मिळतो, त्यातले. डब्यात करड्या रंगाच्या चौकटी असतात, त्यांना टेबलावर पुतळ्यांनी जुन्या लढाया खेळणारे आम्ही लोक स्प्रू म्हणतो. चौकटीला धडं, हात, डोकी, बंदुका, पाठपिशव्या सुट्या लटकलेल्या. शिंद्यांच्या कवायती पायदळाचे तयार पुतळे शोधले तर सापडतात, पण धातूचे, सातासमुद्रापलीकडून मागवायचे, आणि टपालखर्च अन् कस्टम धरलं की एका पलटणीत घरातलं एखादं उपकरण येईल. म्हणून मग कापाकापी. शाको नावाची ती उंच टोपी भुवयांच्या जरा वर पात्यानं कापायची. चेहरा शाबूत राहायला हवा, नाक तर हवंच. पाठपिशवी उडवायची. बूट खरवडून पावलं उघडी करायची, सुईच्या टोकानं बोटांच्या चार रेघा मारायच्या आणि पुट्टीचा एक बारीक पट्टा आडवा टाकून चप्पल करायची. लांब पाटलोण गुडघ्याच्या वर तासून आखूड चोळणा करायचा आणि खाली पोटऱ्या कोरायच्या. विलायती गालांवरचे कल्ले घासून टाकायचे, मिशा लावायच्या. आणि मग पगडी.

पगडीसाठी निळी आणि पिवळी अशी दोन भागांची पुट्टी मिळते. दोन्ही मळून एकजीव झाल्या की हिरवी होते. लगेच वापरली तर बोटाला चिकटते, म्हणून अर्धा तास वाट पाहायची, मग ओल्या काचेवर शेवईसारखी वळायची आणि डोक्याभोवती गुंडाळत न्यायची. सुई पाण्यात बुडवून एकेक पीळ दाबायचा. सुई कोरडी राहिली तर पुट्टी तिच्याबरोबर उचलली जाते आणि अख्खी पगडी हातात येते. हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील स्वस्त पडतं आणि लवकर दगड होतं, पण त्याला बारीक घडी धरवत नाही. ते मी भरावाला ठेवतो. हे सगळं चाललेलं असताना खोलीत फेव्हिक्विकचा डोळ्यांना झोंबणारा वास असतो, नखांत प्लास्टिकचा कीस असतो, आणि घरातलं कोणी दारात उभं राहून "अजून एकच का?" असं विचारतं.

या कामाची खोड लागली ती अर्थात दिवाळीच्या किल्ल्यामुळे. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे सगळे एकाच साच्यातले असायचे. दोन बाजूंच्या जोडाची रेघ कानावरून पायापर्यंत गेलेली, हात अंगाला चिकटलेले, चेहरे गुलाबी, आणि रंग बऱ्याचदा इतका ताजा की हाताला लागायचा. महाराज सिंहासनासकट बालेकिल्ल्यापेक्षा उंच, आणि तटावरचा तोफवाला दरवाजातून आत जाऊच शकणार नाही एवढा. त्याचं तेव्हा कोणालाच काही वाटायचं नाही. गेल्या वर्षीच्या पेटीत हात तुटलेले मावळे निघायचे. त्यांना काडेपेटीची काडी आणि मेणाचा हात लावून आम्ही भालाईत करायचो, पोस्टर कलरनं अंगरखा बदलायचो. हिरवा दिला की तो विजापूरचा, भगवा दिला की आपला. तेवढ्यानं पक्ष बदलायचा. किल्ल्यावर शत्रू फार कमी असायचे, कारण शत्रू विकायला नसायचे. ते आपल्यालाच आपल्यातल्यांतून बनवावे लागत.

आता उलटं करतोय. शत्रूतून आपले बनवतोय. पण ज्यांना बनवतोय ते आपल्या डोळ्यांसमोरच्या मराठा सैन्यासारखे दिसतच नाहीत, ही खरी अडचण. भाल्याच्या टोकावर भाकरी भाजत जाणारा स्वार, कमरेला दुपट्टा, घोड्याच्या पाठीवर निम्मं आयुष्य, हे चित्र इतकं पक्कं आहे की १८०३ साली, असईला इंग्रजांशी लढताना, मराठ्यांकडे ढोलाच्या तालावर चालणाऱ्या, रांगेनं बंदुका झाडणाऱ्या पलटणी होत्या, हे वाचलेलं असूनही दिसत नाही. महादजी शिंद्यांनी डी बॉईन या साव्हॉयच्या माणसाला हाताशी धरून हे कंपू उभे केले. पाटण आणि मेडता, दोन्ही लढाया १७९० सालच्या, त्यांच्याच जोरावर जिंकल्या. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना होता. शिपाई बहुतेक हिंदुस्थानी, अवध-रोहिलखंडाकडचे, पगारी, आणि पगार थकला की कुरकुरणारे. त्यांच्यात देशावरचा मराठा शोधावा लागेल. म्हणजे माझ्या टेबलावरचं 'मराठ्यांचं सैन्य' प्लास्टिकनं इंग्रज, कवायतीनं युरोपी, बोलीनं अवधी, आणि चाकरीनं शिंद्यांचं.

आपले कुठेत?

रंगाच्या वेळी हा प्रश्न आणखी टोचतो. समोरच्या, इंग्रजांच्या बाजूचं सगळं नोंदलेलं आहे. ७४व्या हायलंडर्स या स्कॉटिश पलटणीच्या डगल्याची कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या पांढऱ्या, ७८व्यांच्या फिकट बदामी. कुठल्या पलटणीची बटणं कुठल्या अंतरावर, हेसुद्धा हौशी मंडळींना तोंडपाठ असतं आणि चुकलं तर सात समुद्र ओलांडून कोणीतरी सांगायला येतं. शिंद्यांच्या पलटणींची पगडी मात्र एका चित्रकारानं निळी काढलीय, दुसऱ्यानं काळी. मी निळी घेतली. गडद निळी, वर एक करडी छटा, घड्यांत जवळजवळ काळी. त्यामागे संशोधन वगैरे नाही. दिव्याखाली लाल डगल्यावर ती चांगली दिसते म्हणून. चांगलं दिसतं म्हणून एका माणसाच्या डोक्यावरचा रंग ठरवताना हात किंचित अडखळतो. इंग्रजांचा शिपाई रंगवताना मी नकलाकार असतो, चुकलो तर पुस्तक उघडतो. आपला रंगवताना उघडायला फारसं काही नसतं, आणि मग रंगवणाऱ्याच्याच हातानं इतिहास ठरतो. पुढे कोणी माझ्या पलटणीचा फोटो बघून आपली पलटण निळी रंगवेल. तो आधार म्हणून माझं बोट दाखवेल. हे असंच सगळं चालत आलं असेल, या शंकेनं कधी कधी पुस्तकातली चित्रंही वेगळी दिसायला लागतात.

त्वचेचंही तसंच. परदेशी रंगांच्या संचात त्वचेचा म्हणून जो रंग असतो तो लावला की अवधचा शिपाई साबणाच्या जाहिरातीतला होतो. म्हणून आधी गडद तपकिरी, त्यावर त्यातच पिवळी माती मिसळून एक थर, मग नाकाचा शेंडा, गालाची हाडं आणि बोटांच्या पेरांवर अगदी थोडं केशरी. वर तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, जो खाचांत उतरतो आणि उंचवट्यांवरून निघून जातो. हा क्षण मला फार आवडतो. तोवर नुसते रंगाचे ठिपके असतात. वॉश सुकताना दहा-पंधरा मिनिटांत चेहरा वर येतो, डोळ्यांच्या खोबणी भरतात, मिशीखाली ओठ दिसायला लागतो. डोळे मी काढत नाही. इंचभराच्या माणसाला डोळे काढले की तो दचकलेला दिसतो. हाताच्या अंतरावरून बघितलं तर खोबणीतली सावली पुरते, आणि त्या सावलीत प्रत्येक जण थोडा थकलेला वाटतो, जे बरोबरच आहे.

असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला, भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. मराठी वाचकाला निकाल ठाऊक आहे, तो सांगत नाही. खेळणाऱ्याला निकालापेक्षा मधलं अधिक लागतं. वाटाड्ये म्हणत होते, नदी पायी ओलांडता येईल असा उतार नाही. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड बघितली आणि दोन गावं इतकी जवळ वसलीत त्या अर्थी मधे उतार असणारच, असं ताडलं. उतार होता. तो बाजूनं येतोय म्हटल्यावर शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सरदारानं दहा हजारांवर पायदळाची अख्खी फळी काटकोनात फिरवली. हे वाचायला सोपं आहे. टेबलावर शंभर शिपाई नव्वद अंशांत फिरवायला आम्हाला चहाचे दोन कप लागतात, रांगा एकमेकींत घुसतात, संगिनी अडकतात. शत्रू समोर असताना, तोफांसकट, हे करणाऱ्या माणसांना 'विस्कळीत मराठे' म्हणणारं वाक्य पुढे कधी वाचलं तर मी पान उलटतो.

आणि गोलंदाज. मला या सगळ्या सैन्यात खरी ओढ त्यांची. ब्रिटिश फळी तोफांपर्यंत पोचली तेव्हा ते तोफा सोडून गेले नाहीत, जागेवर संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, आणि फळी पुढे निघून गेल्यावर उठून त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि तिच्या पाठीत डागल्या. त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला पुन्हा ७८वी आणि मद्रासचे घोडेस्वार घेऊन यावं लागलं. असई गावाकडे भलतीकडे सरकलेल्या ७४व्या पलटणीचे तर सुमारे पाचशेपैकी चारशे मेले किंवा जखमी झाले. इंग्रजांकडचे एकूण दीड हजारांवर. इतकी हानी पुन्हा बघायला आवडणार नाही, मग पदरात इतकंच यश पडणार असलं तरी, अशा अर्थाचं वेलस्ली नंतर लिहून गेला. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या माणसानं म्हातारपणी, लढाईत आपण केलेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, याचं उत्तर 'असई' असं दिलं. त्याच्या तोंडी ते नाव कुणामुळे आलं? दुपारीच रण सोडून गेलेल्या दौलतराव शिंदे-रघूजी भोसल्यांमुळे नक्कीच नाही. ज्यांचं एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही अशा तोफेमागच्या चार-सहा माणसांमुळे. नोव्हेंबरात उत्तरेत लासवारीच्या लढाईत तेच झालं. फिरंगी अधिकारी एव्हाना इंग्रजांचं वर्षासन घेऊन निघून गेले होते; गोलंदाज होते तिथेच होते, आणि त्याची नोंद करायला इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक होता. पोलमननंही पुढे कंपनीची चाकरी धरली. मला त्याचा राग येत नाही, त्याचा धंदाच तो होता. पण त्याचा पुतळा रंगवायचा मागे पडत राहतो खरा.

गोलंदाजांसाठी मी हात कोपराच्या वरपर्यंत उघडे केले, काळवंडलेले. ठासणीचा दांडा सतारीच्या तारेचा, त्याच्या टोकाला पुट्टीचा बोंडा. एकाला आडवा झोपवला, गालाखाली हात, एक गुडघा किंचित उचललेला. तो मेलाय की मेल्याचं सोंग घेऊन पडलाय, हे बघणाऱ्यानं ठरवावं. माझ्यासमोर वेलस्ली खेळणारा मित्र दर वेळी त्याच्यावरून हात पुढे नेताना "हा नक्की मेलाय ना?" असं विचारतो.

या मित्राची फौज रंगवताना वेगळीच गंमत झाली. वेलस्लीच्या बाजूलाही गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच. बाकी मद्रासचे शिपाई. लाल डगला, आखूड चोळणा, उघड्या पोटऱ्या, चपला, डोक्याला पगडी. म्हणजे तोच डबा, तीच कापाकापी, तीच पुट्टी. कॉलरचा रंग आणि पगडीचा आकार सोडला तर दोन्ही फौजा एकाच दुपारी, एकाच बैठकीत, एकाच ब्रशानं रंगवता येतात, आणि मी तशाच रंगवल्या. मधे एकदा चहा घेऊन आलो तर कोण कुणाचा ते पटकन कळेना. त्यात भर म्हणजे त्या दिवशी वेलस्लीबरोबर पेशव्यांचेही स्वार होते, पेशव्यांनी इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहानंतर असायलाच हवेत. ते मात्र दिसायला अगदी पुस्तकातल्यासारखे: भाला, मुंडासं, पांढरा अंगरखा. भाचीला टेबलावर 'आपले' दिसले असते ते नेमके त्या बाजूला.

मातीचं राहिलं. विलायती पुतळ्यांच्या बैठकीवर सहसा तपकिरी माती आणि इंग्लंडातल्या कुरणाची हिरवी पूड असते. असईला ती कशी चालेल? भोकरदनकडच्या एका ओळखीच्यांना शेतातली माती आणायला सांगितली. "किती पोती?" त्यांनी विचारलं. म्हटलं, वाटीभर. त्यांनी ती खरंच वाटीभर आणली, कागदाच्या पुडीत, आणि वर म्हणाले, "तुळशीला घालणार असाल तर शेणखत मिसळा." चहाच्या गाळणीनं चाळून, फेव्हिकॉलवर पसरली. काळी माती ती; सुकली तशी आक्रसली आणि इंचभराच्या बैठकीवर खऱ्या रानासारख्या भेगा पडल्या. दिसायला अप्रतिम, पण मे महिन्यातल्या. सप्टेंबरात त्या रानात पाय रुतत असणार आणि गवत पोटरीएवढं असणार. भेगा पातळ चिखलानं बुजवल्या, नारळाच्या काथ्याचे तुरे रंगवून लावले. बाहेर तेव्हा पावसाळाच चालू होता, हवेत इतका ओलावा की स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला की पांढरट खरखर बसायची; म्हणून ती सबंध पलटण ब्रशानंच काळी केली. भिंतीला हात लावला तर ओला लागत होता आणि टेबलावर तोच ऋतू हळूहळू जमत होता.

खेळात एक पुतळा म्हणजे वीस माणसं असा आमचा हिशेब. ७४वी पलटण त्या हिशेबानं पंचवीस पुतळ्यांची, आणि त्यातले वीस उचलून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायचे. ब्रशानं एकेकाला तासभर दिलेला असतो, त्यामुळे फासा वाईट पडला की पोटात काहीतरी हलतं. मग वाटतं, हे काय हलतंय? प्लास्टिकचा तुकडा ट्रेमध्ये गेल्याचं दुःख, की त्याच्यामागच्या विसांचं? प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक वेळा पहिलंच. वेलस्लीच्या अंदाजानं मराठ्यांची बाराशे प्रेतं रणात होती. म्हणजे साठ पुतळे. एवढे मी अजून रंगवलेही नाहीत.

आंबे संपल्यावर भाचीला मी थोडक्यात सांगितलं होतं. लाल कपडे दोघांचेही होते, तोफा आपल्याकडे जास्त होत्या, तोफेवरचे लोक पळाले नाहीत. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मग जिंकले?" म्हटलं, नाही. "मग त्यांना काय मिळालं?" पलटणीला विचारावा असा प्रश्न, मामाला विचारून काय उपयोग? मी म्हटलं, थकलेला पगार तरी बहुतेक नाहीच. त्यावर तिनं आडवा पडलेला गोलंदाज उचलून उभा करून बघितला. तो उभा राहत नाही, तसा बनवलेलाच नाही. तिनं त्याला तोफेच्या चाकाला टेकवून बसवला. मी तो तसाच चिकटवायचा की पुन्हा झोपवायचा, हे अजून ठरलेलं नाही.

सध्या काम बैलांवर आलंय. एवढ्या तोफा ओढायला जोड्या लागतात, आणि जत्रेतल्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या पाकिटात जे बैल मिळतात तेही विलायतीच. पाठ सपाट, शिंगं आखूड, अंगावर काळे-पांढरे डाग. एम-सीलनं वशिंड चढवलं, गळ्याखाली पोळी लोंबती केली, तारेची शिंगं वाकवून बसवली. आता कुठे त्यांना नांगराला जुंपावंसं वाटतं. शिंगं मी हिंगुळानं लाल केली. मित्र म्हणाला, याला आधार काय? म्हटलं, लढाई तेवीस सप्टेंबरची, पोळा होऊन गेलेला, आणि शिंगांचा रंग काही दोन-चार सरींत जात नाही. युद्ध असो नसो, गाडीवानानं बैल रंगवला नसेल हे तू सिद्ध कर. तो विचारात पडला. तोवर मी दुसऱ्या जोडीला निळा देऊन टाकला. गोंडे लोकरीचे करायचे की पुट्टीचे, एवढंच आता ठरवायचं आहे.